विरघळलेलं औषध बाटलीत पुन्हा का दिसू लागतं?

पातळ औषधांबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. लिहिणारे विद्यार्थी आहेत, परिचारिका आहेत, कारखान्यातले रसायनज्ञ आहेत आणि एक आईसुद्धा. बहुतेकांची तक्रार एकाच जातीची आहे: स्वच्छ दिसणारं द्रावण गढूळ झालं, नाहीतर तळाशी खडे बसले.

प्रश्न : प्रात्यक्षिकात ५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ ताकदीचं पॅरासिटामॉल सिरप केलं. साखरेच्या गरम पाकात पावडर सहज विरघळली, बाटली अगदी स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी सुईसारखे स्फटिक! वजनं दोनदा तपासली, ती बरोबर आहेत. मग चुकलं कुठे?
— बी. फार्म. तिसरं वर्ष, लातूर

उत्तर : चूक वजनात नाही, द्रावकाच्या निवडीत आहे. ५ मिलीत १२० मिग्रॅ म्हणजे एका मिलीत २४ मिग्रॅ. पाण्यात २५ अंशांना पॅरासिटामॉल मिलीला साधारण १५ मिग्रॅ विरघळतं, २० अंशांना १३ च्या आत आणि ५ अंशांना जेमतेम ८. उकळत्या पाण्यात मात्र एका भागाला २० भाग पाणी पुरतं. म्हणून पाक गरम होता तोवर सगळी पावडर आत गेली आणि रात्री तो निवला तशी जास्तीची बाहेर आली. ती संध्याकाळीच बाहेर का आली नाही? कारण अतिसंपृक्त द्रावण, म्हणजे मावतं त्याहून जास्त औषध धरून बसलेलं द्रावण, काही तास, कधी काही आठवडेही, गप्प बसून राहू शकतं. धुळीचा कण किंवा काचेवरचा ओरखडा मिळाला की स्फटिक वाढायला लागतात. तुमच्या बाटलीत एका रात्रीत हे घडलं हे बरंच झालं. सहा महिन्यांनी दुकानातल्या फळीवर घडतं तेव्हा ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

साखरेने भर घातली ती वेगळीच. पाकातली साखर पाण्याचे रेणू स्वतःभोवती धरून ठेवते आणि औषधाच्या वाट्याला पाणी कमी येतं. त्यामुळे घट्ट पाकात पॅरासिटामॉल साध्या पाण्यापेक्षाही कमी विरघळतं.

पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, बदलून इथे काही साधत नाही. पॅरासिटामॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचं आयन झालेलं असतं तो आकडा) ९.५ च्या आसपास आहे, म्हणजे त्याचं आयन व्हायला पीएच ९ च्या वर न्यावा लागेल. तिथे चव साबणासारखी होते आणि रेणू फुटून पॅरा-अमिनोफिनॉल तयार होतं, ज्याने द्रावण तपकिरी पडतं. हे औषध टिकतं ते पीएच ६ च्या आजूबाजूला. मग उरतो सहद्रावकाचा, म्हणजे को-सॉल्व्हंटचा मार्ग: औषध जास्त विरघळवणारा दुसरा द्रव पाण्यात मिसळायचा. एक भाग पॅरासिटामॉलला अल्कोहोल ७ ते १० भाग, प्रॉपिलीन ग्लायकॉल ९ भाग, ग्लिसरीन ४० भाग आणि पाणी ७० भाग लागतं. हे चार आकडे पाठच असू द्या.

तुमच्या वहीत कदाचित लहान मुलांच्या पॅरासिटामॉल इलिक्झिरचं (अल्कोहोल असलेल्या गोड पातळ औषधाचं) जुनं सूत्र असेल: एका लिटरला पॅरासिटामॉल २४ ग्रॅम, अल्कोहोल १०० मिली, प्रॉपिलीन ग्लायकॉल १०० मिली, क्लोरोफॉर्म स्पिरिट २० मिली, रासबेरीचा घट्ट रस २५ मिली, इन्व्हर्ट सिरप २७५ मिली, थोडा रंग आणि बाकी ग्लिसरीन. नीट पाहिलं तर यात पाणी असं वेगळं घातलेलंच नाही. जे आहे ते सिरप आणि रसातून येतं. हे इलिक्झिर स्वच्छ राहतं ते त्यामुळेच.

करताना क्रम महत्त्वाचा. पावडर आधी अल्कोहोल आणि ग्लायकॉलच्या मिश्रणात पूर्ण विरघळवा. ऊब द्यायची तर पाण्याच्या बाथवर, उघड्या ज्योतीवर नाही. मग ग्लिसरीनचा मोठा भाग घाला आणि पाणी असलेले घटक शेवटी, हळूहळू, ढवळत. उलट केलं, म्हणजे औषधाचं अल्कोहोलमधलं द्रावण पाणीदार पाकात ओतलं, तर पहिल्या काही थेंबांभोवती अल्कोहोल एकदम पातळ होतं, बारीक स्फटिक पडतात आणि ते पुन्हा विरघळायला तासन् तास लागतात.

हे सूत्र शिकायला उत्तम आहे, आजच्या बाळाला द्यायला नाही. हिशेब करून बघा. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिग्रॅ, म्हणजे सव्वासहा मिली. दिवसातून चार वेळा दिलं तर २५ मिली. त्यातून अडीच मिली प्रॉपिलीन ग्लायकॉल पोटात जातं, वजनात सुमारे २.६ ग्रॅम, म्हणजे किलोमागे २६० मिग्रॅ. युरोपच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये एक महिना ते चार वर्षं वयाच्या मुलांसाठी किलोमागे दिवसाला ५० मिग्रॅ ही मर्यादा सुचवली आहे. आपण तिच्या पाचपट गेलो. शिवाय जवळपास तेवढंच अल्कोहोल. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांच्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधात अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या वर चालत नाही. म्हणून आता मुलांची बरीच पॅरासिटामॉल औषधं सस्पेंशन असतात: न विरघळवता, कण बारीक करून, झँथन गमसारख्या डिंकात तरंगत ठेवलेली. ५ मिलीत २५० मिग्रॅ हवं असेल तर बहुधा दुसरा शहाणा मार्ग नाहीच.

द्रावणच करायचं असेल तर अंदाजाने करू नका, मोजा. बुचाच्या पाच बाटल्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचं ०, १०, २०, ३० आणि ४० टक्के पाण्यातलं मिश्रण घ्या. प्रत्येकीत तळाशी शिल्लक राहील इतकी पावडर टाका. २५ अंशांना २४ ते ४८ तास हलवत ठेवा. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, पहिले दोन-तीन मिली टाकून द्या, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरल करून २५७ नॅनोमीटरला शोषण वाचा. तिथे एक टक्का द्रावणाचं शोषण ७१५ धरतात. विद्राव्यतेचा लॉग आणि ग्लायकॉलची टक्केवारी यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत येतो. ती रेषा हातात आली की हव्या त्या ताकदीला किती ग्लायकॉल लागेल ते वाचता येतं. इथे विद्यार्थ्यांचं नेहमी बिघडतं ते गाळताना: बाटली बाथमधून काढून टेबलावर ठेवली, गप्पा झाल्या, द्रावण निवलं आणि गाळलं. मग आकडा कमी येतो.

शेवटची परीक्षा स्वस्त आहे. तयार औषध ४ अंशांना आठवडाभर ठेवा आणि त्यात पॅरासिटामॉलचा एकच बारीक स्फटिक टाका. तो विरघळला तर निर्धास्त. तो वाढला तर तुमचं द्रावण अतिसंपृक्त आहे, दिसायला कितीही स्वच्छ असो. आमचा सल्ला असा की साठवणीच्या सर्वात थंड तापमानाला जितकं विरघळतं त्याच्या ८० टक्क्यांपुढे जाऊ नका. नाशिक-निफाडकडे डिसेंबरच्या पहाटे गोदामात काय तापमान असतं ते आठवा. २५ अंशांचा आकडा तिथे कामाचा नाही.

प्रश्न : ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या प्रत्येक पिंपाची वेगळी तपासणी करायला आम्हाला सांगितलं आहे. पुरवठादाराचा अहवाल असताना हा खर्च कशाला, असं वरिष्ठ विचारतात.
— गुणवत्ता विभाग, लघुउद्योग, पालघर जिल्हा

उत्तर : वरिष्ठांना हे उत्तर जरूर वाचायला द्या.

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात हवं होतं. ते पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, डायइथिलीन ग्लायकॉल या औद्योगिक द्रावकात मात्र सुरेख विरघळतं. कंपनीने त्यात ते विरघळवलं, रासबेरीची चव दिली आणि विकलं. चव, रंग, वास तपासला होता, विषारीपणा नाही. शंभरावर माणसं दगावली, त्यांत अनेक मुलं होती. १९३८ चा अमेरिकेचा औषध कायदा त्यातून आला. विद्राव्यतेचा प्रश्न सोडवताना झालेली ही सर्वात महाग चूक आहे.

आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची प्रत्येक कडी उघडी केली. २०२२ मध्ये गांबियात असंच दूषित सिरप पिऊन मुलं दगावली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात गेली, त्यांतल्या बऱ्याच मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्या खोकल्याच्या औषधाच्या एका नमुन्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. पंचनामे वेगवेगळे, पण तपासणीची तीच पायरी प्रत्येक ठिकाणी वगळलेली.

फसवणूक इतकी सोपी का? ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि डायइथिलीन ग्लायकॉल हे तिन्ही द्रव रंगहीन, गोडसर आणि दाटसर आहेत. नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही. घनतेने शुद्ध पिंपं वेगळी ओळखता येतात: ग्लिसरीन १.२६, डायइथिलीन ग्लायकॉल १.१२, प्रॉपिलीन ग्लायकॉल १.०४. पण भेसळ दोन-चार टक्क्यांची असेल तर घनता आणि अपवर्तनांक दोन्ही भरवशाचे राहत नाहीत. इथिलीन ग्लायकॉल (त्याच कुळातलं दुसरं विष) आणि डायइथिलीन ग्लायकॉल, प्रत्येकी ०.१० टक्क्यापेक्षा जास्त नको ही मर्यादा पाळायची तर गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. शरीरात डायइथिलीन ग्लायकॉलपासून डायग्लायकॉलिक आम्ल बनतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशी मारतं. लहान मुलाला लघवी होणं थांबतं तोवर उशीर झालेला असतो.

आणि प्रत्येक पिंप का, तर एकाच बॅचच्या नावाखाली आलेल्या वीस पिंपांपैकी दोन भलतीकडची असू शकतात. रसायनांच्या बाजारात माल तीन-चार हातांतून फिरतो, वाटेत लेबल बदलतं आणि अहवालाची झेरॉक्स लेबलाबरोबर चालत येते. अहवाल मूळ उत्पादकाचा आहे का, पिंपाचं सील शाबूत आहे का आणि लेबलवर औषधी दर्जा लिहिला आहे का, हे आधी पाहा. औद्योगिक दर्जाचं पिंप औषधाच्या गोदामात ठेवायचंच नाही, तात्पुरतंसुद्धा नाही. तपासणीचा खर्च करायलाच हवा, यात दुसरं मत नाही.

प्रश्न : फिनोबार्बिटोन सोडियमचं सिरप, ५ मिलीत २० मिग्रॅ. मुलांना आवडावं म्हणून संत्र्याची चव आणि थोडं सायट्रिक ॲसिड घातलं. तासाभरात पांढरा साका. ॲसिड काढलं तर साका नाही, पण महिन्याभरात बुरशी.
— प्रॉडक्शन केमिस्ट, वेर्णा, गोवा

उत्तर : फिनोबार्बिटोन हे फिटचं औषध, आणि साका व बुरशी या दोन्ही घटनांचं मूळ पीएचमध्येच आहे. सोडियम क्षार पाण्यात भरपूर विरघळतो, पण ॲसिड पडलं की तो मूळ आम्लात बदलतो, आणि ते आम्ल मिलीला फक्त १.२ मिग्रॅच्या आसपास विरघळतं. साका कोणत्या पीएचखाली पडेल ते काढता येतं: पीकेएमध्ये (एकूण मोल वजा मूळ आम्लाची विद्राव्यता, भागिले तीच विद्राव्यता) याचा लॉग मिळवायचा. फिनोबार्बिटोनचा पीकेए ७.४, मूळ विद्राव्यता लिटरला ०.००५ मोल. तुमचं मिलीला ४ मिग्रॅ म्हणजे लिटरला ०.०१५७ मोल. उत्तर येतं ७.७३. एक टक्का द्रावण असतं तर ८.२४ आलं असतं. सायट्रिकने पीएच ४ वर आणला म्हणजे साधारण दोन तृतीयांश औषध तळाशी गेलं. वरचं पातळ ज्याला मिळेल त्याची फिट थांबणार नाही, आणि तळाचा चमचा ज्याला मिळेल तो गुंगीत जाईल. अपस्माराच्या औषधात हा दोष बॅच फेकून देण्याइतका गंभीर आहे, पुन्हा ढवळून पाठवण्याचा नाही.

बुरशीचं कारण: तुम्ही संरक्षक (बुरशी-जंतू रोखणारा पदार्थ) म्हणून बहुधा सोडियम बेंझोएट वापरत आहात. ते काम करतं ते आम्ल स्वरूपात, त्याचा पीकेए ४.२. पीएच ८ ला त्याचा जवळजवळ काहीच भाग त्या स्वरूपात उरत नाही. पॅराबेन्स हे दुसरे संरक्षकही अल्कलीत हळूहळू तुटतात. आणि खुद्द फिनोबार्बिटोनच्या रेणूतलं वलयही अल्कलीत उघडतं, म्हणजे औषधच तुटतं.

आमचा कौल असा की सोडियम क्षार सोडा. मूळ फिनोबार्बिटोन घ्या आणि अल्कोहोल, ग्लिसरीन, थोडं प्रॉपिलीन ग्लायकॉल यांत विरघळवा. जुनी इलिक्झिरं १२ ते १५ टक्के अल्कोहोलवर चालत. मुलांसाठी ते कमी करायचं तर वर लातूरच्या उत्तरात दिलेली पाच बाटल्यांची मोजणी करून मिश्रण ठरवा. मग पीएच ६ च्या खाली ठेवता येतो, संत्र्याची चव शोभते आणि संरक्षकही काम करतो.

प्रश्न : डायझेपामच्या इंजेक्शनमध्ये थोडं सलाईन घेतलं की सिरिंजमध्ये दुधासारखं होतं. फिनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घालू नका असंही सांगतात. कारण कुणी सांगत नाही.
— परिचारिका, कोल्हापूर

उत्तर : डायझेपाम मिलीला ५ मिग्रॅ असतं आणि पाण्यात ते मिलीला ०.०५ मिग्रॅच्या आसपास विरघळतं. ॲम्प्यूलमध्ये ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल आहे म्हणून ते स्वच्छ राहतं. तुम्ही तेवढंच सलाईन मिसळलं की औषध निम्मं होतं, पण त्याला धरून ठेवण्याची द्रावकाची ताकद निम्मी होत नाही, कितीतरी पट घसरते. म्हणून थोडं पातळ करणं हे सर्वात वाईट. द्यायचं तर तसंच, मोठ्या शिरेतून, सावकाश. ड्रिपमधून द्यायचंच असेल तर २०० मिलीत १० मिग्रॅपेक्षा जास्त नको. एवढ्या पातळपणात ते पाण्यातही विरघळलेलं राहतं. पीव्हीसीच्या नळ्या आणि पिशव्या ते शोषून घेतात, हेही लक्षात असू द्या.

फिनिटॉइनची गोष्ट पीएचची. ते द्रावणात राहावं म्हणून इंजेक्शनचा पीएच १२ च्या आसपास ठेवतात. डेक्स्ट्रोजचं द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच खाली आला की स्फटिक पडतात. फक्त ०.९ टक्के सलाईन, नळीत फिल्टर, तयार केल्यावर तासाभराच्या आत, आणि प्रौढांत मिनिटाला ५० मिग्रॅपेक्षा वेगाने नाही. नेमका डोस आणि वेग तुमच्या वॉर्डच्या लेखी सूचनेप्रमाणेच ठेवा. फॉसफिनिटॉइनमध्ये रेणूलाच फॉस्फेट जोडलेलं असतं, त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळतं आणि डेक्स्ट्रोजमध्येही चालतं.

दुधाळ झालेली सिरिंज हलवून स्वच्छ करायचा प्रयत्न करू नका. टाकून द्या आणि नोंद करा.

प्रश्न : जिथे पीएचही चालत नाही आणि सहद्रावकही पुरत नाही तिथे काय करतात?
— एम. फार्म., पुणे

उत्तर : इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध पाहा. तटस्थ पाण्यात ते मिलीला नॅनोग्रॅमच्या घरात विरघळतं, तरी बाजारात मिलीला १० मिग्रॅचं तोंडावाटे घ्यायचं द्रावण आहे. त्यात मिलीला तब्बल ४०० मिग्रॅ हायड्रॉक्सिप्रॉपिल बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (औषधाचा रेणू आपल्या पोकळीत धरणारा, साखरेच्या वलयाचा रेणू) आहे, थोडं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पीएच २ च्या आसपास. मोलमध्ये मांडलं तर औषधाच्या एका रेणूमागे सायक्लोडेक्स्ट्रिनचे सुमारे वीस. साध्या बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने हे जमत नाही, ते स्वतःच पाण्यात १.८५ टक्क्यापर्यंतच विरघळतं. एवढ्या साखरसदृश पदार्थाने काही रुग्णांना जुलाब होतात, ही त्याची किंमत. आणि सूचना उलट्या आहेत: कॅप्सूल जेवणानंतर, द्रावण उपाशीपोटी. एकाऐवजी दुसरं देताना दुकानात हे सांगायचं राहून जातं.

पॉलिसॉर्बेट ८० या, तेल पाण्यात मिसळवणाऱ्या साबणासारख्या पदार्थाचा मार्ग ड जीवनसत्त्वाच्या थेंबांत दिसतो. आधी जीवनसत्त्व आणि पॉलिसॉर्बेट एकजीव करा, मग कोमट पाणी थेंबाथेंबाने घाला. मध्येच मिश्रण जेलीसारखं घट्ट होईल, घाबरून पाणी ओतू नका, ढवळत राहा, पुढे ते सैल आणि पारदर्शक होतं. पाणी एकदम ओतलं तर ते कायमचं धुरकट राहतं. ५ टक्के पॉलिसॉर्बेट असेल तर मिथाइल पॅराबेनचा जेमतेम पाचवा हिस्सा मोकळा राहतो, बाकीचा मायसेलमध्ये, म्हणजे पॉलिसॉर्बेटच्या रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांत, अडकतो. सूत्रात संरक्षक पुरेसा लिहिलेला असतो आणि बाटलीत तरी बुरशी येते, ती यामुळे.

प्रश्न : मुलाचं तापाचं औषध फ्रिजमध्ये ठेवलं होतं, तळाशी खडे दिसतात. गरम पाण्यात बाटली धरून विरघळवलं तर चालेल का?
— पालक, सातारा

उत्तर : नको. बाहेरून ऊब दिली तर काही खडे विरघळतील, काही राहतील आणि प्रत्येक चमच्यात औषध वेगळं येईल. ती बाटली वापरू नका. बॅच नंबर दिसेल अशी दुकानात परत दाखवा. पॅरासिटामॉलचं औषध फ्रिजमध्ये ठेवायची गरज नसते. पाणी घालून तयार करायचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मात्र फ्रिजमध्येच ठेवायचं आणि सात दिवसांनी उरलेलं टाकायचं, कारण तिथे धोका रेणू तुटण्याचा आहे. लेबलवर ‘शेक वेल’ असेल तर औषध मुळात सस्पेंशन आहे: प्रत्येक वेळी तळ सुटेपर्यंत हलवा, नाहीतर पहिले डोस पातळ आणि शेवटचे जड जातील. माप बाटलीबरोबर आलेल्या कपाने किंवा सिरिंजने घ्या. आणि खडे फक्त झाकणाच्या आट्यांवर असतील तर ती बहुधा सुकलेली साखर असते. ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि झाकण घट्ट लावा.